सोवळ्यातलं औषध

आमच्या घरात सोवळं होतं ते फक्त औषधाला. एरवी रोह्याच्या त्या घरात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घालून वांग्याचं कालवण व्हायचं, उंबऱ्यातच कोळीण टोपली उतरवायची आणि आई आंघोळीआधी चहा टाकायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण नाना, म्हणजे माझे वडील, ज्या दिवशी औषध बांधायला बसत, त्या दिवशी घर वेगळं होई. ते विहिरीवर आंघोळ करत, सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसत आणि ओल्या पावलांनी माजघरातून मागच्या खोलीत जात. आम्ही भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. शिवायचं नाही, हाक मारायची नाही. आतून कडी लागे आणि मग खलबत्त्याचा आवाज सुरू होई. अंगणात बायका उखळात सुंठ, असगंध कुटत, त्याचा आवाज दबका, जड असे. नानांच्या खोलीतला आवाज कोरडा आणि हलका, खडीसाखर कुटल्यासारखा. बरेच दिवस मला वाटे, मंत्र म्हटला की औषधाचा आवाज असा होतो.

मुक्ता, ईशान, तुम्ही नातवंडं तिकडे इतक्या लांब वाढलात की 'सोवळं' म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. धुतलेलं, कुणी न शिवलेलं वस्त्र नेसून पवित्र राहायचं आणि तोवर कुणी अंगाला हात लावायचा नाही. पूजेला, स्वयंपाकाला काही घरांत असे. आमच्याकडे देवालासुद्धा नव्हतं, औषधाला होतं. डबीच्या लेबलावर तसं छापलेलंच होतं: 'सांधेराखण चूर्ण. शुद्ध वनौषधी. सोवळ्यात सिद्ध केलेले. लहानथोरांस निर्धोक.'

ही लेबलं पेणला छापली जात. मी पेणला मामांकडे राहून शिकत होते आणि सुट्टीत घरी येताना लेबलांचा गठ्ठा माझ्या मांडीवर असे. लेबलावर एक म्हातारी होती, ताठ कण्याची, डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा. ते चित्र मामांच्या ओळखीच्या एका मूर्तिकाराने काढलं होतं. त्याचा हात गौरीच्या मुखवट्यांवर बसलेला. समोर नमुना म्हणून त्याला बायआत्या दाखवली होती. आत्या तेव्हा काटकुळी, गालांची हाडं वर आलेली. त्याला काही ते हाडाळ तोंड जमेना, त्याने तिला गौरीचे गाल दिले. घरात सगळे हसले होते. पुढे दोन पावसाळ्यांत आत्याचे गाल खरोखरच तसे झाले.

बायआत्या नानांची थोरली बहीण. लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली. आईवेगळ्या नानांना तिनेच वाढवलं. नाना तरुणपणी मुंबईत एका औषधांच्या दुकानात कामाला होते. परत आले ते दारावर वैद्य म्हणून पाटी लावूनच. त्यांचं औषध प्रथम घेतलं आत्याने. तिचे गुडघे इतके गेलेले की परसात जायलाही ती बसून सरकत असे. चूर्ण सुरू झालं आणि आठवड्याच्या आत ती उभी राहिली. मी पाहिलेलं आहे हे, कुणी सांगितलेलं नाही. म्हणून त्या चूर्णाला लोक का वेडावले याचं मला आजही आश्चर्य वाटत नाही. आमच्याकडची शेती म्हणजे लावणीत पोटरीभर चिखलात वाकून उभं राहायचं आणि लावणी झाली की वाल, मूग, पुन्हा वाकणं. पन्नाशीच्या आत बायकांचे गुडघे, कंबर जात. खांब, वरसे, कोलाड, कुठून कुठून माणसं येत. तेव्हा धाटावचे कारखाने नुकते येऊ घातले होते, तिकडे मातीकाम करणारी माणसंही येऊ लागली होती.

डब्या देण्याचं काम आत्याचं. ती ओटीवर बसे, पाटावर, पाय लांब करून. आलेल्याला आधी ती स्वतः उठून दाखवी, मग बसून दाखवी. चिठ्ठीचपाटी काही नव्हती. कोण कुठल्या गावचा, कुणाचा उजवा गुडघा, कुणाची कंबर, सगळं तिच्या डोक्यात. खांबचा धर्मा त्याच्या बायकोला, सोनीला, पहिल्यांदा पाठीवर घेऊन आला होता.

"काय रे धर्मा, लग्नात तरी उचलली होतीस का हिला?" आत्याने विचारलं.

"तवा कुठं, आत्याबाय. तवा ती मला उचलील अशी व्हती."

"तोंड बघा," सोनी म्हणाली. "दोन कोसांवर तीन येळा टेकवली मला. म्हणतोय, तू बस गो जरा, मी दमलो."

पुढच्या खेपेला सोनी आपल्या पायांनी आली. त्यापुढच्या खेपेला तिचं तोंड गोल झालेलं, गाल लालसर. धर्मा म्हणाला, "आत्याबाय, ही बगा, अंग धरलंन. आमच्यात सगली इचारतात, काय खायला घालतंस?" आत्याने समाधानाने स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

इथे मला थांबून लिहायला हवं. आमच्या भागात बाई म्हणजे काळी, वाळलेली, हातापायाच्या काड्या. भरलेलं तोंड आम्ही कुणाचं पाहिलं होतं? सावकारणीचं, किंवा माहेरपणाला आलेल्या पोटुशीचं. त्यामुळे तोंड भरलं म्हणजे बाई सुखात आहे, औषध लागू पडलं, असंच साऱ्यांना वाटे. वाढलेल्या गालांखाली हात तसेच बारीक राहत, कातडी कागदासारखी होई, जरा कुठे लागलं की काळानिळा डाग पडे, ते कुणी पाहत नसे. आत्याच्या नडगीवर पाटाचा कोपरा लागून एक जखम झाली होती. आई रोज हळद भरे. ती जखम पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ओलीच होती. "म्हातारं कातडं गो," आत्या म्हणे, "त्याला शिवायला शिंपी नाय मिळायचा."

आता मी तेव्हाच्या आत्याहून मोठी आहे. गुडघे माझेही दुखतात. मागच्या महिन्यात मुक्ताने मला फोनवर एक बाटली दाखवली, 'आजी, संपूर्ण हर्बल आहे, पाठवू का?' मी विषय बदलला, ते, मुक्ता, तुला लागलं असेल. कारण हे आहे. दोन मिनिटांत फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं.

सरकारची माणसं आली ती मी सुट्टीत घरी असताना, दुपारी. चुलीवर वालाचं बिरडं रटरटत होतं, आई नारळ खवत होती. दारात जीप थांबली. पुढे बुशशर्ट घातलेले एक सडपातळ गृहस्थ, मागे दोघे-तिघे, आणि पंच म्हणून बाजारपेठेतले दोन दुकानदार, जे रोज आम्हाला रामराम करत. आत्या ओटीवर होती. त्या गृहस्थांना पाहून तिचं तोंड उजळलं. काही आठवड्यांपूर्वी ते लंगडत आले होते आणि डबी घेऊन गेले होते.

"या या. गुडघा कसा आहे तुमचा? वांगं बंद केलंत ना?"

"गुडघा तेव्हाही धडच होता, बाई," ते म्हणाले. "मी औषध निरीक्षक आहे."

नाना बाहेर आले. निरीक्षकांनी कागद दाखवला आणि मागची खोली उघडायला सांगितली. नाना म्हणाले, "तिथे सोवळं आहे. पायात चामडं घालून जाता यायचं नाही." मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्या माणसाने बूट काढले, मोजे काढले, आईकडून तांब्या मागून घेतला, अंगणात हातपाय धुतले आणि मग ते आत गेले. त्यांच्या त्या हातपाय धुण्याने नानांच्या तोंडचं पाणी पळालं. अडवायला त्यांच्याजवळ काही उरलंच नाही.

चौरंगाखाली पत्र्याचे डबे होते. त्यांत पांढऱ्या बारीक गोळ्या, सुट्या, नावगाव नसलेल्या. नाना म्हणाले, "हे माझे नाहीत. हे कुणी ठेवले मला माहीत नाही." दुकानदारांनी माना हलवल्या, त्यांनाही ते पटलेलं दिसलं. निरीक्षक आवाज न चढवता म्हणाले, "तुमच्या डबीतल्या चूर्णाची तपासणी झालेली आहे. लेबलावर जे लिहिलंय त्यानं माणूस आठवड्यात उठत नाही. ज्यानं उठतो ते लेबलावर नाही." मग मेणबत्ती पेटली, खोलीला कुलूप लागलं, लाखेची मोहोर झाली. आतलं बिरडं करपून गेलं होतं. लाखेचा आणि करपलेल्या वालांचा मिळून एक वास त्या घराला कितीतरी दिवस होता.

पुढचे दिवस नानांच्या मानाचे होते, हे आज सांगून कुणाला खरं वाटायचं नाही. ओटीवर माणूस मावेना. कुणी म्हणे मुंबईच्या कंपन्यांनी चुगली केली, कुणी म्हणे गरिबाचं औषध सरकारच्या डोळ्यांत खुपतं. मोर्चा काढायच्या गोष्टी चालल्या. नाना थोडं बोलत, हात जोडत. सगळ्यांना ते एकच सांगत, गोळ्या माझ्या नव्हेत. आत्या सांगे, "माझा भाऊ सोवळ्यातनं बाहेर येतो तेव्हा मी त्याची सावलीसुद्धा ओलांडत नाय. तो असं करील?"

आत्याचं औषध अर्थातच बंद झालं होतं. घरात चिमूटभर चूर्ण उरलं नव्हतं. पहिल्यांदा तिचे सांधे धरले. मग तिला अन्न नकोसं झालं. पेज दिली की उलटी. ओटीवर बसायची ती माजघरात आडवी झाली. "काय नाय गो, सवय झाली होती त्याची," ती म्हणे, "अंग मागतंय." नाना दारातून तिच्याकडे बघत आणि बाहेर निघून जात. औषधांच्या दुकानात वर्षं काढलेल्या माणसाला ते काय चाललंय हे कळत असणार. त्यांना कळत होतं असं मी ठामपणे लिहिते आहे, कारण ते एकदाही तिच्याजवळ बसले नाहीत, आणि ती साधी पडशाने आजारी पडली तरी ते तिच्या उशाशी असत.

एका दुपारी आईने तिला पाणी पाजायला उठवलं तर तिची मान लुळी पडली. अंग थंडगार घामाने भिजलेलं. शेजारच्या दोघांनी खाटेसकट उचलून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मागून नाना, आई, मी, आणि नानांच्या बाजूची पाचसहा माणसं. ती माणसं दारातच उभी राहिली. डॉक्टर नवीन होते, कोवळ्या वयाचे. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, दंडावर पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला.

"काय घेत होत्या ह्या?"

"काही नाही," नाना म्हणाले. "झाडपाला. सुंठ, असगंध, रास्ना."

"ते लेबलावर आहे. मी वाचलंय. मला आतलं सांगा. ह्या अवस्थेची दोन-तीन कारणं असू शकतात, प्रत्येकाला सुई वेगळी, आणि तपासण्या करत बसायला वेळ नाही. चुकीचं धरलं तर बाई जाईल. काय होतं त्यात?"

नानांनी दाराकडे पाहिलं. तिथे ती सगळी माणसं होती. खाटेवरून आत्याचा आवाज आला, अगदी पुटपुटल्यासारखा. "माझ्या भावाच्या औषधात काय खोट नाय."

त्यावर नाना भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडे बघत उभे राहिले. मग आई बोलली. माझी आई परक्या पुरुषासमोर बोललेली मी तोवर ऐकली नव्हती. ती डॉक्टरांकडे न बघता, आत्याच्या पायांकडे बघत बोलली.

"मुकटा मी धुते. निऱ्यांत पांढरी भुकटी असते. सुंठ पांढरी नसते." तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत अर्धी गोळी होती. "ही मागे सापडली होती. मी ठेवली."

डॉक्टरांनी ती तळहातावर घेतली. गोळीवर काही खूण नव्हती. त्यांनी तो हात नानांसमोर धरला. बराच वेळ धरून ठेवला. शेवटी नानांनी एक इंग्रजी नाव उच्चारलं. दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं, स्वच्छ, एकेक अक्षर. मग ते दारातल्या माणसांमधून वाट काढत निघून गेले. त्यांना वाट देताना माणसं मागे सरली, आमच्या घरातल्यासारखीच, अंग चोरून.

त्या औषधाला स्टिरॉइड म्हणतात, तुम्हाला शब्द माहीत असेल. योग्य हातात ते जीव वाचवतं. रोज घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं, आणि मग एकदम बंद केलं की असं होतं. डॉक्टरांनी तेच शिरेतून दिलं. दिवेलागणीपर्यंत आत्याने डोळे उघडले, चहा मागितला आणि पहिला घोट घेऊन म्हणाली, "साखर काय सरकारनं जप्त केली?"

आईने तिला सगळं सांगितलं. लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी नाना आले. खाटेपासून दूर उभे राहिले.

"मला तरी सांगायचं होतंस रे," आत्या म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू घेतलं असतंस?"

आत्याने विचार केला. ती खोटं बोलणारी नव्हती. "घेतलं असतं. दुखत होतं रे. पण दुसऱ्याच्या हातावर ठेवलं नसतं."

नानांवर खटला झाला आणि शिक्षाही झाली. ती ऐकायला ओटीवरच्या गर्दीतलं कुणी आलं नव्हतं. सुटून आल्यावर ते याच घरात राहिले, आईच्या हातचं जेवले, आणि आई शेवटपर्यंत त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. त्याबद्दल मला अधिक लिहायचं नाही.

मला लिहायचं आहे ते आत्याबद्दल. डॉक्टर तिला समजावत होते, गोळी हळूहळू कमी करायची, एकदम सोडायची नाही. ती ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "मग बाकीच्यांचं काय?" सरकारने औषध जप्त केलं होतं, खोलीला मोहोर लावली होती. घेणाऱ्यांना जाऊन सांगायचं काम कुणालाच दिलेलं नव्हतं. ते कोण, कुठले, हे फक्त आत्याला ठाऊक होतं.

धड बसता येऊ लागलं तशी ती निघाली. हिवतापाच्या फेरीची सरकारी जीप डॉक्टरांनी मिळवली. पुढे आत्या उशा लावून, मागे आई आणि मी. आत्या आळीआळीत जीप थांबवी आणि तिथूनच हाक मारी. "गंगू, डबी संपली ना? मग अशी पडून राहू नको गो, दवाखान्यात जा. माझं नाव सांग. त्यात भावानं गोळ्या घातल्या होत्या, मला ठाऊक नव्हतं." प्रत्येक घरी ती हे शेवटचं वाक्य म्हणे, गाळत नसे. काहींनी ऐकलं. एका घरातून बाई ओरडली, "सरकारनं किती दिले तुला, भावाला विकायला?" आत्या म्हणाली, "ते मागनं सांगते. तू आधी दवाखान्यात जा." आमच्या शेजारच्या सारामावशी, बेने इस्रायल म्हणजे आमच्या कोकणातल्या ज्यू, आदल्या वर्षी मुलाकडे इस्रायलला कायमच्या गेल्या होत्या, ट्रंकेत गुडघ्यांसाठी डब्या भरून. त्यांचा पत्ता कुणाकडेच नव्हता. आत्याने त्यांच्या बंद घराकडे पाहिलं आणि जीप पुढे घ्यायला सांगितली.

खांबला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. धर्माच्या खळ्यात माणसं बसली होती, पुरुषांनी डोकी भादरलेली. धर्मा उठून जीपशी आला. सोनी परवाच गेली होती. औषध मिळेना म्हणून रोह्याला आला होता तो, कुलूप बघून परत गेला होता. घरी सोनीला उलट्या लागल्या, भाऱ्याखाली बसावी तशी बसली, आणि उठली नाही.

आत्याने दरवाजा उघडला आणि ती खाली उतरली. आम्ही धरायला गेलो तर हात झटकले. तिने धर्माला सगळं सांगितलं, भावाचं, गोळ्यांचं, गालांचं. "ते अंग धरणं नव्हतं रे. सूज होती. माझीपण तीच हाय, बघ." तो तिच्या तोंडाकडे बघत ऐकत राहिला. मागे पडवीत त्याची म्हातारी आई बसली होती, पाय पोटाशी घेऊन.

"कळलं," धर्मा म्हणाला. मग आवाज खाली घेऊन, "आत्याबाय, तुमच्याकं एकादी डबी ऱ्हायली असंल तर द्या. म्हातारीला उठवत नाय."

आत्याला आधी कळलंच नाही. "अरे, ती गेली ती ह्याच्यानं गेली."

"व्हय," तो म्हणाला. "पन गेली तवर चालत व्हती."

आत्या त्याच्यासमोर उन्हात उभी होती. तिने डोकं हलवलं, नाही म्हणून, एकदा, दोनदा, आणि हलवतच राहिली. शेवटी आईने तिचा दंड धरून तिला जीपमध्ये बसवलं. ड्रायव्हरने विचारलं, आता घरी ना? ती म्हणाली, "नाय. वरश्याची दोन घरं ऱ्हायली."